नाण्यावरची खूण : गंज की टांकसाळीची चूक?

टांकसाळीच्या नजरेतून निसटलेले एखादे चुकीचे नाणे आपल्या हाती लागावे, अशी नाणी जमवू लागलेल्या प्रत्येकाची सुरुवातीला हौस असते. त्या हौसेपोटी बाजूला काढून ठेवलेली बहुतेक नाणी मात्र टांकसाळीतून बिनचूक बाहेर पडलेली आणि पुढे ओल, माती, घाम, मीठ किंवा आम्ल यांनी खाल्लेली निघतात. यात नवख्याचा फारसा दोष नाही, कारण गंजाने पाडलेला खड्डा आणि चकतीचा सुटलेला पापुद्रा साध्या डोळ्यांना खरोखरच सारखे दिसतात. समोरची खूण नेमकी कधी उमटली असेल, हा प्रश्न विचारायची सवय लागली की फरक कळू लागतो.

पहिली पायरी : नाणे कसे पाडतात ते समजून घ्या

नवखे लोक चुकीच्या नाण्यांची छायाचित्रे पाहून त्यांच्याशी आपले नाणे ताडून बघतात. माझ्या मते ही सुरुवात उलटी आहे, कारण छायाचित्राशी गंजही जुळतो. नाणे पाडण्याच्या प्रक्रियेशी मात्र तो जुळत नाही. म्हणून आधी प्रक्रिया पाहू.

धातू वितळवून त्याचे जाड पट्टे ओततात, ते रुळांमधून लाटून नाण्याला हव्या त्या जाडीचे करतात आणि त्यांतून गोल चकत्या कापतात. लाटल्यामुळे ताठर झालेल्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन उजळतात आणि त्यांची कड दाबून किंचित उचलून घेतात. मुलाम्याचे नाणे असेल तर नाणे पाडण्याच्या आधीच धातूवर मुलामा चढलेला असतो. शेवटी चकती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते, दोन ठसे तिला वरून व खालून प्रचंड दाबाने आवळतात आणि क्षणार्धात दोन्ही बाजूंची अक्षरे, चित्रे आणि धारेवरच्या खाचा उमटतात.

म्हणजे चूक होण्याच्या जागा तीनच आहेत. चकतीच सदोष असेल, ठसाच सदोष असेल, किंवा दाबाच्या क्षणी काहीतरी बिनसले असेल. त्यानंतर नाण्याला जे काही होते ते नुकसान. मग ते जमिनीखाली पन्नास वर्षे पडून झालेले असो की नाणी मोजणाऱ्या यंत्रात एका सेकंदात झालेले असो. तेव्हा प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारायचे ते एवढेच, की ही खूण दाबाच्या आधीची, दाबाच्या क्षणाची की दाबानंतरची?

दुसरी पायरी : साधने जमवा, पण नाणे घासू नका

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, व्यास व जाडी मोजणारा डिजिटल कॅलिपर, एक लोहचुंबक आणि हवा तसा वळवता येणारा एक दिवा एवढी सामग्री पुरे. याहून जास्त मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक सुरुवातीला घेऊच नये, कारण पन्नासपटीत प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो आणि नसलेल्या चुका सापडू लागतात.

ज्या नाण्याचा संशय आला ते टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी उजळण्याच्या पावडरीने कधीही घासू नये. त्यामुळे गंज जातो, पण त्याबरोबर पुराव्याचा थरही जातो, आणि उरलेल्या ओरखड्यांवरून नंतर कोणालाच काही ठरवता येत नाही. वरचा चिकट मळ काढायचाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही वेळ बुडवून ठेवावे आणि न पुसता वाळू द्यावे. ॲसिटोन धातूला धक्का न लावता तेल, गोंद आणि पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे नाण्यावर आलेला हिरवट चिकटा विरघळवते. ते झटकन पेट घेते, त्यामुळे हे काम काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर करावे. ॲसिटोनने निघून गेली ती खूण ना गंजाची होती ना टांकसाळीची; ती नुसती घाण होती, आणि असे बऱ्याच वेळा घडते.

तिसरी पायरी : खूण उठावाची आहे की खोलगट?

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ठसा पोलादाचा असतो आणि नाणे ही त्याची उलटी प्रतिमा असते. ठशाला चीर पडली की दाबाच्या वेळी नाण्याचा धातू त्या चिरेत शिरतो, आणि म्हणून नाण्यावर ती खोलगट न दिसता बारीक उठावदार रेषेच्या रूपात दिसते. ठशाच्या कडेचा टवकाच उडाला असेल तर नाण्याच्या काठाला कोणतीही नक्षी नसलेला धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो, आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूची नक्षी बहुधा अस्पष्ट राहते, कारण तिथला धातू समोरच्या पोकळीत वाहून गेलेला असतो. ही मागची अस्पष्टता पाहायला बहुतेक नवखे विसरतात.

याउलट ओरखडा, ठोका आणि गंजाचा खड्डा हे सगळे नाण्याच्या पृष्ठभागात आत गेलेले असतात. खोलगट रेषा दिसली तर ठशातील चिरेचा विचार तिथेच सोडून द्यावा.

गोंधळ होतो तो उठावदार खुणांमध्ये, कारण गंजही कधी कधी फुगतो. तांब्याच्या नाण्यावर साचलेला कळक म्हणजे हिरवट गंज, पोलादी नाण्याच्या मुलाम्याखालून वर आलेली तांबड्या गंजाची पुटकुळी आणि जस्ताच्या नाण्यावरचा फोड, हे तिन्ही हाताला उंच लागतात. अशा वेळी रंग आणि पोत पाहावा. ठशातून आलेली रेष नाण्याच्याच धातूची, त्याच रंगाची आणि त्याच लकाकीची असते, तर कळक निस्तेज, दाणेदार आणि नाण्यावर वरून ठेवल्यासारखा दिसतो. शिवाय ठशाची चीर एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात किंवा काठापर्यंत दिशा धरून जाते. गंजाला अशी दिशा नसते.

खूण उठावाची की खोलगट हे भिंगातून ठरवताना डोळा हमखास फसतो, छायाचित्रात तर फारच. उपाय सोपा आहे. दिवा एका बाजूला, नाण्याच्या पातळीपासून थोडासाच वर धरावा आणि खुणेची सावली पाहावी. सावली दिव्याच्या पलीकडच्या अंगाला पडत असेल तर खूण उंच आहे. दिव्याकडच्या अंगालाच पडत असेल तर ती खड्ड्याच्या काठाची सावली आहे. शेजारच्या अक्षरांची सावली कुठे पडते तेही पाहावे, कारण ती उंचच असतात.

चौथी पायरी : लकाकी खुणेवरून पुढे जाते का?

दाबाच्या क्षणी धातू मध्यापासून काठाकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा सोडतो. नवे नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, तो या रेघांमुळे. ठशाच्या दोषातून आलेल्या खुणेवरून हा पट्टा अडखळत न जाता पुढे सरकतो. गंज या रेघाच खाऊन टाकत असल्याने तिथे प्रकाश विझल्यासारखा होतो. अर्थात ही कसोटी न झिजलेल्या नाण्यांपुरतीच आहे. वर्षानुवर्षे हातोहात फिरलेल्या नाण्यावर ती चालवू नये.

पाचवी पायरी : वजन आणि माप घ्या

टांकसाळी आपल्या नाण्यांचे प्रमाणित वजन, व्यास आणि मिश्रधातू जाहीर करतात. ते आकडे समोर ठेवल्याशिवाय धातूच्या चुकीविषयी बोलूच नये.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. अमेरिकेचे पंचवीस सेंटचे एक नाणे माझ्याकडे आले. त्याची एक बाजू तांबूस-तपकिरी आणि दुसरी बरीचशी पांढरी होती. १९६५पासूनच्या या नाण्यात मध्ये शुद्ध तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या मिश्रणाचा एकेक थर असतो, आणि कधी कधी त्यातला एक थर चकतीला चिकटतच नाही. असे नाणे एका बाजूने तांब्याचे दिसते आणि संग्राहक ते आवडीने ठेवतात. मी ते तसेच समजून दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी काटा काढला. प्रमाणित वजन ५.६७ ग्रॅम. दोन्ही थर मिळून वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा असतो, म्हणजे एक थर नसेल तर सहावा हिस्सा कमी होऊन ४.७ ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा होता. काट्याने ५.६१ दाखवले. मग भिंगाने धार पाहिली, तर तांब्याच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना पांढरा थर जागच्या जागी होता. तांबूसपणा अक्षरांच्या कोपऱ्यांत गडद आणि उंच भागांवर फिका होता, कारण तो मातीचा डाग होता. ओल्या जमिनीत पडलेली तांबे-निकेलची नाणी असा रंग धरतात, आणि जी बाजू जास्त काळ मातीला टेकलेली असते ती जास्त रंगते.

आम्लात बुडवलेल्या नाण्यांचे प्रकरण याहून फसवे असते. नाणे पातळ, हलके, पृष्ठभाग बऱ्यापैकी एकसारखा, आणि नवखा म्हणतो की चकतीच पातळ होती. इथे वजन काटा निकाल देत नाही, कॅलिपर देतो. खरोखर पातळ चकतीवर पाडलेले नाणे दाबाखाली कॉलरला जाऊन भिडते, म्हणून त्याचा व्यास जवळजवळ पूर्ण भरतो. धातू अपुरा पडल्यामुळे उणीव दिसते ती नक्षीच्या सर्वांत उंच भागांत. आम्ल मात्र सगळीकडून सारखे खाते. त्यामुळे व्यासही घटतो, धारेवरच्या खाचा बोथट होतात आणि अक्षरे दुबळी, सडपातळ होतात.

लोहचुंबकाचा उपयोगही इथेच. १९४३ साली अमेरिकेने युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले, आणि चुकून थोड्या तांब्याच्या चकत्यांवरही तेच नाणे पाडले गेले. ही तांब्याची नाणी जगप्रसिद्ध असल्याने पोलादी नाण्यांना तांब्याचे पाणी देऊन फसवणूक होत आली आहे. चुंबकाला चिकटले की विषय संपला. न चिकटल्यास वजन पाहावे: पोलादी नाणे २.७० ग्रॅमचे आणि तांब्याचे ३.११ ग्रॅमचे. ही पोलादी नाणी बहुधा धारेपासून गंजलेली आढळतात, त्याचेही कारण प्रक्रियेत आहे. चकत्या आधीच मुलामा दिलेल्या पट्ट्यातून कापलेल्या असल्यामुळे त्यांची धार उघडीच राहिली होती.

सहावी पायरी : धातूनुसार गंजाची ओळख करून घ्या

चांदी काळवंडते, ॲल्युमिनियमवर पांढुरके खड्डे पडतात, पोलाद तांबडे होते. यांविषयी फारसा गोंधळ होत नाही. खरा घोळ मुलाम्याच्या नाण्यांचा असतो, आणि त्यांतही जस्तावर तांब्याचा मुलामा दिलेल्या नाण्यांचा.

१९८२ साली अमेरिकेने एक सेंटच्या नाण्यातले तांबे काढून जस्त घातले. नवे नाणे ९७.५ टक्के जस्ताचे असते आणि त्यावर तांब्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. मुलामा देताना चकती नीट स्वच्छ झालेली नसेल तर जस्त आणि तांबे यांच्यामध्ये वायू अडकतो आणि तांब्याला फोड येतो. भिंगाखाली हा फोड म्हणजे त्वचेवरच्या पुळीसारखा, वरून गुळगुळीत, तांब्याच्याच रंगाचा उंचवटा असतो. कित्येकांना तो अक्षराशेजारचा जादाचा ठिपका वाटतो, तारखेजवळ आला तर दुहेरी अंकाचा भासही होतो. हा दोष टांकसाळीतला आहे हे खरे, पण इतका सर्रास आढळणारा की संग्राहक त्याला चूक म्हणून जपत नाहीत.

पुढे हा फोड फुटतो. तांब्याची कड फाटून उलटते, आत करडे जस्त उघडे पडते आणि ओल लागताच तिथे एक छोटी विद्युतघटमालाच सुरू होते, कारण तांब्याशी जोडलेले जस्त एकट्या जस्ताहून झपाट्याने गंजते. पांढरी भुकटी येते, मग काळपट विवर पडते, आणि विवराच्या काठाने तांब्याचा पापुद्रा आतून पोखरला जातो. अशा नाण्यावर अर्धे अक्षर नाहीसे झालेले दिसले तरी ते ठशामुळे नव्हे. अक्षरांच्या बाजूने जाणारी बारीक निळसर-करडी रेघ हाही याच नाण्यांचा विशेष. दाबाच्या वेळी मुलामा ताणला जाऊन अक्षराच्या पायथ्याशी फाटतो आणि खालचे जस्त डोकावते. फाटणे टांकसाळीतले, पुढची काळी भेग हवामानाची. दुहेरी ठशाचा, म्हणजे ठशावरच नक्षी दोनदा उमटल्याने झालेल्या चुकीचा, शोध घेणाऱ्यांना ही रेघ सर्वाधिक फसवते. खऱ्या दुहेरी ठशात दुसरे अक्षरही उठावदार आणि स्वतःच्या कडांसह उमटलेले असते, नुसती रंगाची सावली नसते.

युरोचे एक, दोन व पाच सेंट आणि १९९२पासूनचे ब्रिटिश एक पेनी ही तांब्याच्या मुलाम्याखाली पोलाद असलेली नाणी आहेत. त्यांच्यावर मुलामा जिथे खरवडला जातो तिथून तांबडा गंज बाहेर येतो आणि आजूबाजूचा मुलामा उचलतो. जस्ताची कथा समजली असेल तर ही वेगळी सांगायला नको.

सातवी पायरी : पापुद्रा, पट्टे आणि गायब अक्षरे

पट्टा ओतताना त्यात हवा, मळ किंवा ऑक्साइड अडकले की लाटल्यावर त्याचा एक लांबट कमकुवत थर होतो आणि तिथून धातूचा पापुद्रा सुटतो. हा चकतीचा खरा दोष. त्याच्या कडा तुटल्यासारख्या धारदार असतात, त्याचा आकार एका दिशेने ओढलेला असतो आणि आतल्या तळाशी लाटण्याच्या समांतर रेघा दिसतात. पापुद्रा नाणे पाडण्याच्या आधीच गळला असेल तर त्या खळग्यातही नक्षी पुसट का होईना उमटलेली असते. गंजाच्या खड्ड्याच्या कडा झिजलेल्या, तळ खडबडीत, आकार वेडावाकडा, आणि तो क्वचितच एकटा असतो. नाणे उलटले की मागे किंवा धारेवर त्याची भावंडे सापडतात.

मिश्रधातू नीट न मिसळल्याने तांब्याच्या नाण्यांवर लाकडाच्या रेषांसारखे फिके-गडद पट्टे येतात. ते सपाट असतात, एकाच दिशेने जातात आणि त्यांना खोली नसते. भट्टीत चकत्या तापताना बिघाड झाल्यामुळे काळपट किंवा तांबूस आवरण आलेली नाणीही असतात, आणि त्यांना मातीच्या डागापासून वेगळे करणे अनुभवी माणसालाही सोपे जात नाही. आवरण उंच भागांवर व कोपऱ्यांत सारखेच, गुळगुळीत आणि लकाकीसह असेल तर ते नाणे जाणकाराला दाखवावे. दाणेदार असेल आणि कोपऱ्यांत साचलेले असेल तर माती समजावी.

अक्षरे किंवा तारीख गायब असेल तर तीन शक्यता तपासाव्यात. ठशाच्या खाचेत वंगण व धूळ भरून राहिली असेल तर अक्षर हळूहळू विरत गेल्यासारखे दिसते, आणि तिथला पृष्ठभाग बाकी नाण्याइतकाच नितळ असतो. गंजाने खाल्लेल्या अक्षराच्या जागी खडबडीत व्रण राहतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी समांतर ओरखडे राहतात. २००८ साली ब्रिटनच्या वीस पेन्सच्या नाण्याची नवी रचना आली, तारीख एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेली, आणि एका जुन्या बाजूची नव्या बाजूशी जोडी जमून काही नाणी तारखेविना पाडली गेली. त्या नाण्यांवर तारखेची जागा खरवडलेली नसते, कारण तिथे तारीख मुळात उमटलेलीच नव्हती. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही.

काठाचा तुकडा नसेल तर समोरचा काठ पाहावा. पट्ट्यातून आधीच कापलेल्या भोकावर पुन्हा कापणी झाल्याने अर्धचंद्राकार तुकडा कमी असलेली चकती तयार होते. तिची कड उचलताना त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूचा काठही पुसट राहतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कापलेल्या किंवा गंजून झडलेल्या नाण्याचा समोरचा काठ ठणठणीत असतो.

आठवी पायरी : छायाचित्र काढा आणि थांबा

खऱ्या चुकीचे नाणेही गंजू शकते, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसरे नाही असे धरू नये. दोन्ही खुणा वेगवेगळ्या तपासाव्यात. आणि एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर नाण्याला वेळ द्यावा. टांकसाळीची खूण वाढत नाही, गंज वाढतो. क्लोराइड शिरलेल्या तांब्याच्या व कांस्याच्या नाण्यावर ओल लागताच फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवते, आणि पुसून काढलेला ठिपका काही आठवड्यांत परत आलेला दिसतो. असे नाणे कोरड्या जागी, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात आणि इतर नाण्यांपासून वेगळे ठेवावे.

छायाचित्र प्रत्येक वेळी त्याच दिव्याखाली, दिवा त्याच बाजूला ठेवून काढावे, नाहीतर सावल्याच बदलल्याचे दिसते. माझ्या वहीत जस्ताच्या एका सेंटची तीन छायाचित्रे आहेत. पहिल्यात अंकाच्या शेजारी गुळगुळीत फोड आहे, ज्यापुढे मी तेव्हा ‘दुहेरी तारीख?’ असे लिहिले होते. दुसऱ्यात फोडाच्या माथ्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका आहे. तिसऱ्यात तिथे विवर आहे, आणि वहीतले ते प्रश्नचिन्ह मी खोडून टाकले आहे.